भाऊजींचा उत्साह

आमच्या घरात ‘उत्साह’ हा वाईट शब्द आहे. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. मागच्या दिवाळीच्या आधी एक ओळखीच्या बाई आमच्या वर्कशॉपवर फराळ न्यायला आल्या आणि माझ्या दिरांकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, “काय उत्साह आहे हो ह्यांना!” झालं. माझ्या हातातला चकलीच्या पिठाचा गोळा परातीत पडला आणि आमचे हे आतून धावत आले. “कोणाला उत्साह? कधीपासून? रात्री झोपला होता का?” बाई इतक्या घाबरल्या की न मागितलेले शंकरपाळेही घेऊन गेल्या.

आमचं वर्कशॉप दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्या, आणि मध्ये आम्ही: चकली, चिवडा, शेव, कडबोळी. टायरवाल्याकडची गिऱ्हाइकंसुद्धा वासानं आमच्याकडे डोकावतात. मी आणि आमचे हे मिळून हा पसारा चालवतो. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, एसीचे इंजिनीअर. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचे, बायको आणि मुलीबरोबर. आता आठवड्यातले कामाचे दिवस ते आमच्याकडे असतात आणि सुट्टीला घरी जातात. हे असं का, तेच सांगते आहे.

भाऊजी लहानपणापासून घरातले उत्साहमूर्ती. लग्नकार्य असो, गणपती असो, हा मनुष्य झोपायचा नाही. चिपळूणला चुलत नणंदेच्या लग्नात अंतरपाट धरलेला होता, भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, आणि भाऊजींनी ठरवलं की मांडवाची वायरिंग चुकीची आहे. पुढची मंगलाष्टकं अंधारात झाली. सगळे हसले. “अहो, उत्साहच तसा आहे त्याचा!” लग्न झालं आणि भाऊजी जे पलंगाला लागले ते पंधरवडाभर उठले नाहीत. जेवण नको, आंघोळ नको, कोणाशी बोलायला नको. सासूबाई म्हणाल्या, प्रवासाचा शीण. मग कधी दृष्ट लागली, कधी पित्त झालं, कधी ऑफिसात साहेब वाईट. इतकी वर्षं प्रत्येक वेळी काहीतरी कारण सापडत गेलं. हुशार घर आहे आमचं, कारणं शोधण्यात कुणाला हार जाणार नाही.

आणि मग तो उन्हाळा आला. भाऊजींना शेजारच्या बिल्डिंगच्या एसीचा आवाज बेसूर वाटायला लागला. दिवसा बेसूर, रात्री जास्त बेसूर. एका पहाटे ते अंगावर ऑफिसचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र घालून त्या बिल्डिंगमध्ये गेले, वॉचमनला “मेंटेनन्स” एवढंच म्हणाले, गच्चीची किल्ली घेतली आणि वरची सगळी यंत्रं बंद केली. दुरुस्त करायला हो! चांगल्या भावनेनं! पण जुलै महिना. इथे जुलैत एसी बंद म्हणजे माणसं घरात शिजतात. म्हातारी माणसं, बाळं, सगळे जिन्यात आले. बिल्डिंगचा सुपरवायझर वर धावला तर ह्यांनी आतून कडी घातलेली, आणि तिथे बसून, दारावर लिहिलेल्या त्याच्या नंबरवर एकामागून एक व्हॉइस नोट. “तुम लोग हवा के कातिल हो!” असं काय काय. त्याच्या आईवडिलांचाही उद्धार झाला.

इथे फोनवर कोणाला शिवी देणं हा गुन्हा आहे. परक्या इमारतीत शिरणं तर आहेच. पोलीस आले, केस झाली, आणि माझे भाऊजी, ज्यांनी उभ्या जन्मात कधी सिग्नल तोडला नाही, ते तुरुंगात गेले.

त्या दिवसांबद्दल मला विनोद करता येत नाही. धाकटी जाऊ माझ्यासमोर बसून भात कालवत राहायची आणि घास तोंडात जायचा नाही.

पण गंमत बघा, ह्या सगळ्या वर्षांत जे आम्हा शहाण्यांना कळलं नाही ते तुरुंगातल्या डॉक्टरला एका भेटीत कळलं. डॉक्टरनं विचारलं, शेवटचं नीट कधी झोपलात? भाऊजींनी उत्तर देण्याऐवजी त्याच्या खोलीतल्या एसीत काय बिघाड आहे ते सांगायला सुरुवात केली, आणि थांबलेच नाहीत. डॉक्टरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं: बायपोलर.

हे सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या चिपळूणला माझ्या नणंदेकडे असतात.

“आई, त्यांना बायपोलर आहे.”

सासूबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “कोण ती बाय?”

“अहो, बाय नाही—”

“मला वाटलंच होतं. सून एवढी गुणी, आणि ह्याला बाय! कुठली? तिकडचीच का?”

त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. आजार आहे, मेंदूचा आहे, कधी मन वर जातं, कधी खाली जातं, गोळीनं ताब्यात राहतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे बाय नाही ना? मग होईल बरं.” मी फोन ठेवला आणि खूप दिवसांनी खळखळून हसले. मग हसताहसताच रडू आलं. कर्म माझं!

ते सुटायचे झाले तेव्हा वकिलानं आम्हा सगळ्यांना समोर बसवून बजावलं. ह्या वेळी नशीब थोर, हद्दपारीचा हुकूम झालेला नाही. पण परत एक जरी तक्रार गेली, एक व्हॉइस नोट, एक भांडण, तर कोणी ऐकणार नाही. सरळ विमानात. म्हणजे जावेची नोकरी, पुतणीची शाळा, इतक्या वर्षांचा संसार, सगळं गुंडाळायचं. पुतणी तेव्हा दहावीत. तिनं वकिलाला विचारलं, “सो ही जस्ट हॅज टू बी नॉर्मल? फॉरएव्हर?” वकील म्हणाला, हो. ती म्हणाली, “नोबडी इन धिस फॅमिली कॅन डू दॅट.” कार्टीचं काही चुकलं नव्हतं.

जाऊ दिवसभर जेबेल अलीला कामाला. भाऊजींची नोकरी गेलेली. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. मग ह्यांनी त्यांचा व्हिसा आमच्या धंद्याच्या लायसन्सवर घेतला आणि भाऊजी चकलीच्या धंद्यात आले.

सुटून आले त्या दिवशी मी दारात उभी. आता तुरुंगातून आलेल्या माणसाला ओवाळायचं की नाही? सासूबाईंना विचारलं. त्यांना मुंज ठाऊक, लग्न ठाऊक, बाळंतपण ठाऊक, पण ह्याचं शास्त्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. “ऑपरेशन होऊन आलाय असं समज आणि तुकडा ओवाळून टाक,” म्हणाल्या. मी भाकरीचा तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. भाऊजी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभे. मग म्हणाले, “वहिनी, भाकरी फेकू नका हो. फार दिवसांत खाल्ली नाही.” मी आत नेऊन ताजी करून वाढली.

गोळी रोज सकाळ-संध्याकाळ. गोळीनं तहान लागते आणि हात थरथरतात. त्यामुळे भाऊजींच्या चकल्या गोल व्हायच्या नाहीत, लांबुळक्या व्हायच्या. त्यांना मग पॅकिंगला बसवलं. माझं काम पहारेकऱ्याचं. गोळी दिली की मी म्हणायची, “आ करा. जीभ वर. आता डावीकडे.”

“वहिनी, आत पोलीससुद्धा असंच बघायचे,” एकदा म्हणाले. “पण ते आधी प्लीज म्हणायचे.”

“मग जा परत!” माझ्या तोंडून निघून गेलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग फिस्सकन हसलो. ते दीर, मी भावजय. आमच्यात चेष्टा पहिल्यापासून चालतेच. लग्नानंतर माझ्या पहिल्या पुरणपोळीला ‘वॉशर’ म्हणणारा हा माणूस.

त्याच दिवशी पॅकिंग करता करता त्यांनी मला आतल्या एका माणसाबद्दल सांगितलं. त्याला कानात कोणीतरी बोलल्याचे आवाज यायचे. आत असला की गोळी हातावर मिळायची, आवाज बंद व्हायचे, मनुष्य अगदी सरळ. शिक्षा संपून बाहेर जायचा, तर बाहेर त्याचं कोणी नाही, गोळीची आठवण करणारं कोणी नाही. आवाज परत सुरू. मग कुठेतरी दगड मार, कोणाच्या तरी गाडीवर चढ, की परत आत. “तो परत आला ना वहिनी, तेव्हा हसत होता,” भाऊजी म्हणाले. “सगळ्यांना हात मिळवत होता. घरी आल्यासारखा.” त्यांनी चिवड्याच्या पाकिटाला सील मारलं आणि म्हणाले, “मला त्याची फार भीती वाटते.”

तेव्हापासून मी पहारा दुप्पट केला. कमी झोप, जास्त बोलणं, जास्त खरेदी, नव्या योजना: ही लक्षणं डॉक्टरांनी सांगितलेली. मी त्यात माझी भर घातली. गाणं गुणगुणले, संशय. दाढी दोनदा केली, संशय. एकदा मासळी बाजारातून हे एवढे पापलेट घेऊन आले तर मी डॉक्टरांनाच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, पापलेट ताजे होते का? मग ठीक आहे.” जाऊ रोज संध्याकाळी फोन करायची. “ताई, कसे आहेत?” मी म्हणायची, “छान! अगदी मरगळलेले. आज कशातच लक्ष नव्हतं.” ती म्हणायची, “देवाची कृपा.” असलं बोलणं जगात दुसऱ्या कुठल्या घरात होत असेल असं मला वाटत नाही.

भाऊजी हे सगळं ऐकायचे. एकदाच म्हणाले, “वहिनी, गोळी घेतली की जग उकडलेल्या बटाट्यासारखं लागतं. मीठ न घातलेल्या.” मी म्हटलं, “पोट तर भरतं ना?” ते म्हणाले, “हो. भरतं.”

आणि दिवाळीच्या ऑर्डरींच्या ऐन गर्दीत तो मेसेज आला. भाऊजी पॅकिंगचे डबे आणायला म्हणून सकाळी दुबईला गेले होते. दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर त्यांचे शब्द: “आज त्या सुपरवायझरला भेटून खलास करून येतो. काळजी नको.”

आता हा शब्द बघा. इथे उठता-बसता आम्ही खलास म्हणतो. काम झालं, खलास. जेवण झालं, खलास. पोरं अभ्यास संपला की खलास म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ एवढाच, संपलं, झालं. पण आम्ही सगळे मूळचे मुंबईचे. मुंबईत ‘त्याला खलास केला’ म्हणजे काय, ते लहान पोरही सांगेल. इतकी वर्षं वापरून गुळगुळीत केलेला शब्द, पण त्या दिवशी भीतीनं तो मला सरळ मुंबईचा ऐकवला. शिवाय पुढे ‘काळजी नको’! ते वाचून तर माझ्या काळजाचं पाणी झालं.

“अहो!” मी ओरडले. “गाडी काढा! भाऊजी त्या माणसाला मारायला निघालेत!”

फोन लावला तर बंद. मी हात न धुताच गाडीत बसले. जावेला फोन केला, तिचाही लागेना, मीटिंगमध्ये. पुतणीनं उचलला. “काकू, रिलॅक्स. इट जस्ट मीन्स डन.”

“तुला काय कळतंय? तुझा बाप मुंबईचा आहे!”

आमचे हे म्हणजे शांतपणाचा पुतळा. रस्त्यावर उजवी, हळू गाड्यांची लेन त्यांच्या नावावर लिहून दिल्यासारखे चालवतात, मागून बैलगाडी आली तरी पुढे जाऊ देतील. त्या दिवशी शारजापाशी ट्रॅफिक तुंबला आणि एका मोठ्या पांढऱ्या गाडीनं मध्येच तोंड घातलं, तर ह्यांनी काच खाली केली आणि अस्सल मराठीत ओरडले, “आंधळा आहेस का रे, भोपळ्या?” माझ्या उभ्या संसारात मी ह्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. त्या माणसाला काही कळलं नाही, त्यानं हसून हात केला.

आणि मी? मी जावेसाठी व्हॉइस नोट केली. पिठानं माखलेल्या बोटानं. “अगं, मी तुला सांगते, त्या मेल्या सुपरवायझरनं परत कंप्लेंट केली ना, तर मी स्वतः जाऊन त्याचं तंगडं मोडीन! मुडदा बशिवला त्याचा! एकदा नवरा तुरुंगात धाडलास, आता काय सगळं घर धाडणार?” मनातलं सगळं ओकले. पाठवली. आणि मग बघते तर ती जावेला गेलीच नव्हती. गेली होती ‘दिवाळी फराळ ऑर्डर्स’ ह्या ग्रुपवर. दुबई, शारजा, अबू धाबी, सगळीकडच्या मराठी बायका त्यात.

मी पुसायच्या आत उत्तरं यायला लागली. हसून लोळणारे चेहरे. “ताई, तुम्ही ग्रेट आहात!” “आमच्या बिल्डिंगचा सुपरवायझर पण असाच आहे, त्याचंही बघा.” खलिफा सिटीच्या एक बाई, “तंगडं मोडून झालं की माझे अनारसे लक्षात ठेवा.” कोणी पोलिसांना फोन केला नाही. कोणी डॉक्टरांचा नंबर दिला नाही.

मी फोन मांडीवर ठेवला. हे म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. भाऊजींनी जे केलं तेच मी आत्ता केलं, आणि मला अनारशांची ऑर्डर आली.” ह्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. आम्ही ओरडलो तो आमचा स्वभाव, आणि ते नुसते गुणगुणले तरी लक्षण. मला राग आला, कोणावर ते समजेना, मग मी ह्यांच्यावरच काढला. “ती लेन सोडा आता! चला, यल्ला!”

पोहोचलो. बिल्डिंगच्या गेटापाशी, वॉचमनच्या केबिनच्या सावलीत, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीवर भाऊजी, एकीवर तो सुपरवायझर. दोघांच्या हातात चहाचे कागदी कप. जिवंत. दोघंही.

मी गाडीतून उतरून थेट भाऊजींच्या अंगावर. “खलास करून येतो म्हणजे काय हो? शोभतं का तुम्हाला? आमचा जीव खलास झाला तिकडे!”

“अहो वहिनी, मिटवून येतो म्हणायचं होतं. मग काय लिहू? समाप्त करून येतो?”

“आणि फोन?”

“बॅटरी खलास,” म्हणाले आणि जीभ चावली.

सुपरवायझर केरळचा, पन्नाशीचा, चेहऱ्यावरून जरा रागीट. मला त्यानं उठून खुर्ची दिली आणि चेची म्हटलं. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला चेची म्हणतात. ज्याचं तंगडं मोडायला निघाले होते त्याच्याच खुर्चीवर मी बसले. तो मला त्याच्या हिंदीत म्हणाला, “चेची, उस दिन मेरा नौकरी जाते जाते बचा. सब लोग मेरे को गाली दिया. मेरे माँ को भी ये आदमी गाली दिया. मेरा माँ मर गया है.” आवाज चढला होता. आणि मला पहिल्यांदा जाणवलं की ह्या माणसाचाही तो जुलै वाईट गेला असणार. आम्ही आपल्या घरात त्याला नुसता ‘मेला’ म्हणत बसलो होतो.

भाऊजी माफी मागायला आले होते. सुपरवायझरनं नुसत्या तोंडी माफीवर भागवलं नाही. “गाली व्हॉइस नोट में दिया, तो माफी भी व्हॉइस नोट में देगा.” म्हणून भाऊजींनी समोर बसून, त्याच्याच फोनवर, माफीची व्हॉइस नोट दिली होती. ती आम्हालाही ऐकवली गेली, दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना सुपरवायझर खूश दिसला.

पण भाऊजी तेवढ्यासाठी आले नव्हते. ते त्याला म्हणाले, “भाईसाब, मेरी बीमारी जाने वाली नहीं है. दबी रहेगी, कभी ऊपर आएगी. मैं फिर किसी दिन यहाँ आकर चाबी माँगूँ, तो पुलिस को बाद में. पहले इनको फोन करना.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सुपरवायझरनं मला विचारलं, “चेची किधर रहता?”

“उम्म अल कुवैन.”

“अय्यो! तब तक मैं क्या करेगा?”

“चाय पिलाना,” भाऊजी म्हणाले.

त्यानं डोकं खाजवलं. विचार केला. मग फोन काढून माझा नंबर घेतला. “एक बार,” म्हणाला. “दूसरा बार मैं पुलिस को बुलाएगा, हाँ. मेरा भी बच्चा लोग है.” त्याचं बरोबर होतं. मी वर्कशॉपमधून येताना गाडीत राहिलेली चकलीची पिशवी त्याला दिली. लांबुळक्या होत्या सगळ्या.

परतताना मागे बसलेले भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही पहारा देता ते बरं आहे. पण तुम्ही एकट्या कुठे कुठे पुराल? मी पहारेकरी वाढवले.” मी वळून बघितलं नाही. डोळे पुसताना त्यांना दिसू नये म्हणून.

दिवाळी गेली, थंडी गेली. भाऊजींनी चकलीच्या यंत्राला असा काही दांडा बसवून दिला की थरथरत्या हातानंही चकली गोल पडावी. मी आधी घाबरले, मग यंत्र चालवून बघितलं, मग म्हटलं, नाही, ही नुसती अक्कल आहे. पुतणीची परीक्षा झाली. मी पापलेटांना भिणं सोडलं. गोळीच्या वेळी जीभ बघणंही सोडलं, नुसती वाटी आणि पाणी पुढे ठेवायची. गोळी ते न चुकता घ्यायचे. आता मला वाटतं, आमचा समज असा झाला होता की गोळी घेतली म्हणजे झालं.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. शनिवार होता, भाऊजी सुट्टीला आपल्या घरी. मी सकाळी इथे घावनांचं पीठ भिजवत होते आणि फोन वाजला. सुपरवायझर.

“चाबी माँगा?” मी विचारलं.

“नहीं चेची. वो आया, इधर बैठ गया. बोलता है, आज मैं कितना भी माँगे, चाबी मत देना. और बोलता है, चेची को बुलाओ.” मग आवाज खाली करून, “बहुत बात करता है. मैं दो बार चाय पिलाया. जल्दी आना.”

आम्ही निघालो. वाटेत जावेशी बोलणं झालं. ती झोपेतून उठली तर भाऊजी घरात नाहीत, मी सांगितलं तशी ती त्यांच्यापाशी खाली धावली. गोळी रोज घेऊनही चार रात्री त्यांना झोप नव्हती, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. कारण इतकं बरं वाटत होतं, इतक्या दिवसांनी, की सांगवेना.

पोहोचलो तेव्हा भाऊजी खुर्चीवर बसलेले होते, पण त्यांचं सगळं अंग उभं होतं. इस्त्रीचा शर्ट, घोटून दाढी, डोळे लख्ख. मी त्यांना इतकं देखणं त्यांच्या लग्नात पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरून ठेवल्या होत्या. जाऊ एका बाजूला, सुपरवायझर दुसऱ्या बाजूला. मला बघितलं आणि बोलायला लागले, भराभर, एकात एक. गच्चीवरून येणारा आवाज, समुद्राच्या पाण्यानं चालणारा एसी, आमच्या वर्कशॉपच्या जागी सात मजली कारखाना, सगळं त्यात होतं. खरं सांगू? ऐकायला सुंदर होतं. दोन मिनिटं माझाच पाय निघेना.

मग ते मध्येच थांबले.

“वहिनी, मला फार छान वाटतंय हो,” म्हणाले आणि रडायला लागले. “फार म्हणजे फार छान. लवकर न्या मला.”

जावेनं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं. हॉस्पिटल फार लांब नव्हतं. जाऊ आत बसली, तिच्या शेजारी ते बसले. ह्यांनी गाडी सुरू केली, तेवढ्यात भाऊजींनी मागून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा, मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लाव.”

“कशाला रे?” हे मागे वळले. “तू काय लहान आहेस?”

“लाव तू. सिग्नलला माझं मन बदलेल.”

हे उतरले. मागचं दार उघडलं, खाली वाकून ती कडी शोधली, खटकन खाली केली. भाऊजींनी पाय आत घेतले, आणि ह्यांनी दार हळूच लावलं.